रत्नम्माने भरलेली ट्रंक

संगप्पा हडपदच्या वस्तऱ्याने गिऱ्हाइकाच्या गालावर कधी रक्ताचा ठिपका उमटला नाही. सोलापूरच्या भवानी पेठेतलं त्याचं दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि वर पत्रा. पण हात इतका हलका, की म्हातारी माणसं दाढी करून घेता घेता घोरायला लागत. हाच हात घरी आला की जड व्हायचा. रक्त काढायचं ते त्याने घरासाठी राखून ठेवलं होतं, आणि घरात रत्नम्माशिवाय दुसरं होतं कोण?

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातून ती सोळाव्या वर्षी या घरात आली, तेव्हा घरात कानडी बोलायची, गल्लीत मराठी बोलायची आणि दोन्हीकडे हसायची. पहिल्या वर्षी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिने मार खाल्ला, दुसऱ्या वर्षी कमी झालं म्हणून. तिसऱ्या वर्षी पाचवा महिना चालू असताना कमरेत लाथ बसली, आणि त्यानंतर तिची कूस काही उजवली नाही. मग वांझ म्हणून मार सुरू झाला. मारायला कारण लागतंच असं नाही, पण संगप्पाला कारण असलं की बरं वाटायचं. तो दारू पीत नव्हता, पत्ते कुटत नव्हता, दर सोमवारी सिद्धेश्वराला जायचा. दारुडा असता तर लोकांनी निदान दारूला तरी शिव्या दिल्या असत्या.

तिचा धाकटा भाऊ बसवराज सूतगिरणीत होता, दोन गल्ल्या सोडून राहायचा. तालमीत घुमलेला गडी. बहिणीच्या अंगावरचे वळ दिसले की त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या. एकदा तर तो तिला हाताला धरून आपल्या घरी घेऊनच गेला होता. तिसऱ्या दिवशी संगप्पा समाजातली चार वडीलधारी माणसं घेऊन आला, त्यांच्या पाया पडला, रडलासुद्धा. चौघांनी चहा घेतला आणि रत्नम्माला समजावलं, की बाई, मारतो खरं, पण टाकलं तर नाही ना? त्या रात्री संगप्पाने तिला तीन दिवसांचं एकदम दिलं. तेव्हापासून एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली. बाईने घर सोडलं की तिला माघारी आणतात. पुरुषाने सोडलं की पोटासाठी गेला म्हणतात. तेव्हा तिने जाऊन उपयोग नव्हता. जायला पाहिजे होतं त्याने.

आणि सत्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो जायची वेळ आली. गल्लीतला चन्नवीर गवंडी तीन वर्षं मस्कतला होता, तो सुट्टीवर आला. त्याच्या कंपनीच्या तळावर चारशे माणसं होती आणि त्यांच्या दाढ्या करायला भरवशाचा माणूस नव्हता. चन्नवीरने साहेबाला शब्द दिला, संगप्पाचा पासपोर्ट झाला, कागद आले, दोन वर्षांचा करार झाला. गल्लीतल्या बाया रत्नम्माची कीव करायला लागल्या, की दोन वर्षं कशी काढशील गं एकटी. तिला इतका आनंद झाला होता, की तो तोंडावर दिसू नये म्हणून ती चुलीकडे तोंड करून बसायची आणि धुरानं डोळे चुरचुरतात म्हणायची.

निघायच्या चार दिवस आधी चन्नवीर सामान कसं भरायचं ते सांगायला आला. विमानात बसलेला तो भवानी पेठेतला एकटाच, त्यामुळे खाटेवर मांडी घालून त्याने पुराण लावलं. खोबरेल तेलाची बाटली काठोकाठ भरू नका, विमान वर गेलं की बूच उडतं आणि सगळे कपडे तेलात. अर्धीच भरा, बुचावर मेण ओता. साबण ओला ठेवू नका. दात घासायची राखुंडी डब्यात घाला, पुडीत नको. विभूतीचा गोळा वर दिसेल असा ठेवा, लपवला की पोलिसाला वाटतं भलतंच काही आहे. रत्नम्मा दाराआड बसून एकेक शब्द गाठीला बांधत होती. शेवटी तो वस्तऱ्यावर आला.

"वस्तरे, कात्री, सगळं लोखंड ट्रंकेत. हातातल्या पिशवीत सुई बी न्हाय पायजे," तो म्हणाला. "लोकं इमानं पळवाय लागल्यापासून पोलीस पिशव्या उलट्या करत्यात. माज्या म्होरं एकाच्या पिशवीत सुरा घावला. त्याला रांगेतनं काढला, चौकशीला बसवला, इमान गेलं. गेला त्यो माघारी गावाला."

संगप्पा हसला. त्यांच्या घराण्यात धोकटी, म्हणजे हत्यारांची ती चामड्याची गुंडाळी, कधी अंगावेगळी केलेली नव्हती. आजा, पणजा सगळे तिला काखेत मारूनच गावोगाव हिंडले. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, आणि घरातल्या बाईने तिला हात लावायचा नाही, लावला तर धार जाते, असा नेम होता. अशी धोकटी हमालांनी आपटायच्या ट्रंकेत टाकायची? चन्नवीरसमोर तो नुसता मान हलवत राहिला. चन्नवीर गेल्यावर म्हणाला, की धोकटी हातातल्या पिशवीतच जाणार, पोलिसाला काय कळतं, तो काय दाढी करत नाही?

रत्नम्मा बोलू नये ते बोलली. चन्नवीर अण्णांनी एवढं सांगितलंय तर ट्रंकेत ठेवा की, एवढंच म्हणाली. त्याने उठून तिचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा नव्हे, तीनदा. मग हात धुऊन जेवायला बसला. तिने कपाळाला हळद लावली आणि त्याला वाढलं.

कपाळाचं तिला काही नव्हतं. ती रात्रंदिवस एकच विचार करत होती. हा माणूस मुंबईला जाणार, पिशवीत तीन वस्तरे घेऊन रांगेत उभा राहणार, पोलीस ते बाहेर काढणार. पोलिसाशी हा हुज्जत घालणार. विमान जाणार आणि हा परत येणार. नोकरी गेलेला, चारचौघांत नाक कापलेला संगप्पा, आणि राग काढायला जगात एकच ठिकाण. दोन वर्षं सोडाच, तो परत आला तर ती दोन महिने तरी जगेल का याची तिला खात्री नव्हती. त्याला विमानात बसवायचं तर वस्तरे ट्रंकेत गेले पाहिजेत, आणि ते त्याला कळता कामा नये.

निघायच्या दिवशी गाडी दुपारी चारला होती. सकाळी संगप्पा नारळ घेऊन सिद्धेश्वराला गेला. जाताना धोकटी देव्हाऱ्याखाली ठेवून गेला आणि बोट रोखून बजावून गेला. त्याच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला तशी तिने दाराला कडी घातली. धोकटी उचलली. चौदा वर्षं एका घरात राहून ती त्या चामड्याला पहिल्यांदा हात लावत होती. तीन वस्तरे, दोन कात्र्या. एक वस्तरा तिने उघडून पाहिला. काही वाईट वाटलं असेल म्हणता? वाटलं ते एवढंच, की एवढ्याशा पात्याला आपण भीत होतो, आणि भ्यायला पाहिजे होतं ते त्याच्या मुठीला.

वस्तरे आणि कात्र्या तिने नव्या सोलापुरी चादरीच्या घडीत घातल्या, वर सदरे, त्यावर कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा. ट्रंकेला कुलूप लावून किल्ली मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवली. वस्तऱ्यांच्या जागी बाभळीच्या तीन काटक्या सोलून, फडक्यात गुंडाळून धोकटीत सरकवल्या. तुरटी, ब्रश, वाटी जिथल्या तिथे. वरून दाबून पाहिली, तेवढीच जाड लागत होती. बाराच्या सुमाराला बसवराज हातगाडी घेऊन आला आणि ट्रंक घेऊन स्टेशनवर गेला. तिथे तो आणि चन्नवीर सामानाजवळ थांबणार होते. ट्रंक गल्लीतून दिसेनाशी झाली तेव्हा तिने पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

पण संगप्पाची एक सवय तिच्या ध्यानातून गेली. नवा सदरा अंगात घालायच्या आधी तो मिशी कोरायचा. लग्नाला जाताना कोरायचा, मयताला जातानाही कोरायचा. देवळातून आला, आरसा खुंटीला लावला, मांडी घातली, धोकटी सोडली आणि त्याच्या हातात काटकी आली.

उरलेल्या दोन्ही गुंडाळ्या त्याने सोडून पाहिल्या. मग उठला आणि त्याने दार आतून लावून घेतलं. रत्नम्माला ठाऊक होतं, ओरडणारा संगप्पा परवडतो, दार लावणारा नाही.

"हत्यारं कुटं हायत?"

ट्रंकेत आहेत म्हणाली असती तर तो स्टेशनवर धावत गेला असता, कुलूप फोडून वस्तरे पिशवीत टाकले असते, आणि मग उद्याचं सगळं ठरलेलं होतं. त्याला वाटलं, हिने आपलं जाणं मोडायला हत्यारं लपवली. नवरा दूर जाऊ नये म्हणून हिचं हे सोंग. माणूस स्वतःला किती मोलाचा समजतो बघा.

वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा भिंतीला होता, तो त्याने काढला. पाठीवर, मांड्यांवर, हात आडवे घातले तर हातांवर. पट्ट्याच्या कडीने कान फाटला. ती भिंतीशी सरकत गेली आणि तोंडात पदर कोंबून बसली. शेजारच्या मायाक्काने दार वाजवलं, काय झालं गं म्हणून विचारलं. ओरडली असती तर गल्ली गोळा झाली असती, पोलीस आले असते, कदाचित त्याला चौकीत बसवलं असतं. मग गाडी कुठली आणि विमान कुठलं? पदर काढून तिने जमेल तितक्या सरळ आवाजात सांगितलं, की काही नाही, फळीवरचं भांडं पडलं. मायाक्का शहाणी होती. तिने ऐकलं, आणि बसवराजला गाठायला ती स्टेशनच्या वाटेला लागली.

पट्टा टाकून संगप्पाने तिचा उजवा हात पाट्यावर दाबून धरला आणि वरवंटा उचलला.

"येवडंच सांग. कुटं हायत?"

तिने पाट्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. अजून अर्धा तास, तिने मनाशी म्हटलं, मग याला निघावंच लागेल. वरवंटा खाली आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मोडल्याचा आवाज तिलाच ऐकू आला. ती पालथी पडली, पण पदर दातांतून सुटू दिला नाही.

तेवढ्यात दाराची कडी उखडली. बसवराज आत आला, त्याने एकदा बहिणीचा हात पाहिला आणि मग काही विचारलं नाही. संगप्पाला त्याने पोत्यासारखा उचलून भिंतीवर मारला, तोंडावर बुक्की घातली आणि खाली पाडून पाठीवर गुडघा रोवला. मग त्याचा उजवा हात मागे ओढून पिळायला लागला. संगप्पा किंचाळायला लागला, तो सगळ्या पेठेला ऐकू गेला असेल. चौदा वर्षं तिने किती मार खाल्ला, पण असा आवाज एकदाही काढला नव्हता.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. पण मग तिला तो पिळलेला हात दिसला. कोपर उलटं चाललं होतं. अजून एक हिसका, आणि तो हात वस्तरा धरायच्या कामातून गेला असता. मग मस्कत नाही, विमान नाही. मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला संगप्पा कायमचा या खाटेवर, आणि त्याला भरवायला ती.

ती उठली कशी हे तिचं तिलाच कळलं नाही. तिने डाव्या हाताने पट्टा उचलला आणि सख्ख्या भावाच्या तोंडावर मारला. तरी तो सोडेना, तेव्हा त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.

"सोड त्येला," ती म्हणाली. "माज्या नवऱ्याच्या हाताला धक्का लागला तर मी जीव देईन बग."

बसवराजने हात सोडला. त्याच्या गालावर वळ उठला होता, मनगटातून रक्त येत होतं. दारात गोळा झालेल्या बायांमधली एक पदराने डोळे टिपत म्हणाली, की अशी पतिव्रता आजच्या काळात मिळायची नाही. बसवराजने बहिणीकडे असं पाहिलं, की वरवंट्यापेक्षा तिला ते जास्त लागलं.

"तुला मारच ग्वाड लागतोय अक्का," तो म्हणाला. "आजपासनं मला भाऊ म्हनू नगंस."

तो निघून गेला. रत्नम्माने एका हाताने संगप्पाच्या तोंडावर पाणी मारलं, त्याच्या अंगात नवा सदरा घातला, धोकटी पिशवीत ठेवली, पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली आणि त्याला दाराबाहेर काढला. मिशी तशीच राहिली. बायांनी ओवाळलं. तिचा हात मायाक्काने फडक्यात करकचून बांधून दिला होता.

स्टेशनवर चन्नवीरने आधी संगप्पाचा फुटलेला ओठ पाहिला, मग रत्नम्माचा कान, मग ते फडकं. तिने मंगळसूत्राच्या दोऱ्यातून किल्ली सोडवून त्याच्या हातात दिली. वस्तरे ट्रंकेत आहेत, ट्रंक मस्कतला उतरल्यावरच उघडा, तोवर किल्ली यांच्याकडे देऊ नका, एवढंच तिने सांगितलं. चन्नवीरने किल्ली आतल्या खिशात घातली. संगप्पा शेजारीच उभा होता, त्याने सगळं ऐकलं. त्याच्या मुठी वळल्या, पण समोर चन्नवीर होता, ज्याच्या शब्दावर नोकरी टिकून होती. घरात वाघ आणि दारात शेळी म्हणतात ते काही उगाच नाही. त्याने खाली मान घातली आणि म्हणाला, की अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. चौदा वर्षांत रत्नम्माने त्याच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते. गाडी सुटली तेव्हा ती फलाटावर डब्याबरोबर थोडी चालली. लोकांना वाटलं, जीव तुटतोय बिचारीचा. ती बघत होती, की हा खाली तर उतरत नाही ना.

पुढचे बारा दिवस तिचे जिवात जीव नसल्यासारखे गेले. दार वाजलं की ती आधी फटीतून बघायची. गल्लीत चपलांचा आवाज झाला की हातातली भाकरी थांबायची, आणि भाकरी तरी कसली, डाव्या हाताने थापलेली. हाडवैद्याने दोन्ही बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या. बसवराज गल्लीतून जायचा तो मान फिरवून.

तेराव्या दिवशी येडू पोस्टमन निळं पत्र घेऊन आला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानेच उंबऱ्यात बसून फोडलं. चन्नवीरचं होतं. सांताक्रूझला पोलिसाने पिशवी उलटी केली. धोकटी उघडली तर आत तुरटी, ब्रश, वाटी आणि बाभळीच्या तीन काटक्या. पोलिसाने विचारलं, हे काय? संगप्पा म्हणाला, साहेब, बायकोनं ठेवलंय. पोलीस हसला आणि त्याने जा म्हणून खूण केली. रात्री विमान मस्कतला उतरलं. संगप्पा कामाला लागला, साहेब त्याच्या हातावर खूश आहेत. तेल सांडलं नाही.

"उतरलं म्हनलास न्हवं?" तिने विचारलं. "त्यो हुता की त्यात?"

येडूने तेवढीच ओळ पुन्हा वाचली. तिने ती आणखी एकदा वाचायला लावली, आणि तिसऱ्यांदा ऐकताना ती उंबऱ्यातच बसून ढसाढसा रडली. येडूला वाटलं नवऱ्याची आठवण आली. त्याने समजूत घातली, की दिवस काय, पाखरासारखे उडून जातील.

दुपारी भोंगा झाला तेव्हा ती गिरणीच्या दरवाजाशी उभी होती. पाळी सुटून माणसं बाहेर पडत होती, केसांत कापूस अडकलेली. बसवराजने तिला पाहिलं आणि तो बाजूने निघून जायला लागला. तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली. मनगटावरचा चावा अजून काळानिळा होता.

"गेला त्यो," ती म्हणाली. "इमान उतरलं तितं. पत्र आलंय."

बसवराज म्हणाला, की मग पेढे वाट. नवऱ्यासाठी भावाला चावलीस, आता मिरव.

"तू हात मोडला असतास तर त्यो गेला असता व्हय रं? मोडक्या हाताचा न्हावी कोन नेतंय इमानात? हितंच ऱ्हायला असता, माज्या उरावर."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तसा तो दरवाजाजवळच्या दगडावर खाली बसला. माणसं बाजूने जात होती, कोणी हाक मारत होतं, त्याचं लक्ष नव्हतं. मग त्याने बहिणीचा बांधलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि आतल्या वाकड्या बोटांवरून हलकेच अंगठा फिरवला. तो म्हणाला,

"दोन वर्सांनी यील की गं परत."

रत्नम्माने त्या हाताची सुटी तीन बोटं मिटून मूठ वळून पाहिली.

"यू दे," ती म्हणाली. "तवर माजा ह्यो हात बरा हुतोय."